छंदाच्या रकान्यात स्वयंपाक कोण लिहितो?

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागात एक बौद्ध वधू-वर परिचय मेळावा झाला. नोंदणीच्या टेबलावर आम्ही काही कार्यकर्ते बसलो होतो. अर्जात नाव, शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा यांच्याबरोबर एक रकाना होता: छंद. दुपारी अर्जांचा गठ्ठा लावताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली. मुलींच्या अर्जात बहुतेक ठिकाणी एकच ओळ होती, ‘स्वयंपाक, विणकाम, रांगोळी’. मुलांच्या अर्जात ‘वाचन, क्रिकेट, गड-किल्ले फिरणे’. एम.एस्सी. झालेल्या एका मुलीनेही स्वयंपाकच लिहिला होता. तिला आम्ही विचारले, “ताई, खरंच आवडतो का स्वयंपाक?” ती हसून म्हणाली, “आवडायचं काय त्यात? पप्पा म्हणाले, लिही.”

भिंतीवर बुद्ध, फुले आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी होत्या. टेबलावर मात्र मनूचा रकाना होता, आणि तो छापून आम्हीच आणला होता. म्हणून हा लेख आधी आमच्याविषयी आहे, मग इतरांविषयी.

छंद म्हणजे काय? ज्याला वेळ आहे, ज्याने ते काम स्वतः निवडले आहे आणि ज्याला कंटाळा आला तर ते थांबवता येते, त्याच्याच कामाला छंद म्हणता येईल. या तीनपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर ते काम आहे. त्याला छंद म्हणणे ही फसवणूक आहे.

यातली पहिली अट वेळेची. 1945 साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधीजींविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी फुरसतीचा प्रश्न मांडला आहे. यंत्राने माणसाचे कष्ट कमी केले तरच त्याला फुरसत मिळेल आणि फुरसत मिळाली तरच तो पशूच्या पातळीवरून उठून संस्कृतीचे जीवन जगू शकेल, असा त्यांचा मुद्दा होता. चरख्याकडे आणि खेड्याकडे परत नेणारा विचार त्यांनी नाकारला तो याच कारणाने. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच्या काळात कामाचे तास कमी करण्याचे प्रयत्न झाले आणि 1946 च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. कामगाराला फुरसत हवी, हे आपण तेव्हापासून मानतो. पण घरातल्या चुलीपुढची कामगार या हिशेबात कधी धरलीच गेली नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती. असे काम करणाऱ्या पुरुषाची 97. 2024 च्या पाहणीत बाईची मिनिटे 289 झाली आणि पुरुषाची 88. बाईची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषाने ती उचलली नाहीत, उलट त्याचीही नऊ कमी झाली. गॅस आला, मिक्सर आला, कुकर आला. बाबासाहेब म्हणत होते ते यंत्र घरात पोहोचले, पण फुरसत पोहोचली नाही.

आपल्याच दोन तालुक्यांत पाहा. नारायणगावच्या पट्ट्यात टोमॅटोच्या तोडणीला जाणारी बाई पहाटे भाकरी थापून निघते आणि संध्याकाळी परत चुलीपाशी बसते. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांमध्ये हिरडा गोळा करून आणणारी आदिवासी बाई रान तुडवून येते आणि मग तांदूळ निवडायला घेते. यांना कुणी विचारावे, “मावशी, तुमचा छंद कोणता?” विचारणाऱ्यालाच लाज वाटेल.

दुसरी अट निवडीची. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीचे रक्षण कसे करावे याचा उपाय सांगितला आहे. बळजबरीने स्त्रीला राखता येत नाही, म्हणून तिला पैशाची व्यवस्था, स्वच्छता, धर्मकृत्ये, स्वयंपाक आणि घरातल्या भांड्याकुंड्यांची देखरेख यांत गुंतवून ठेवावे, असे तिथे आहे. म्हणजे मनूला स्वयंपाक हा पोटाचा प्रश्न वाटत नव्हता, तो बंदोबस्ताचा उपाय वाटत होता. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. पुस्तकाची राख झाली, पण त्यातला हा उपाय ‘छंद’ असे नाव घेऊन आपल्या मेळाव्याच्या अर्जात परत आला आहे.

आता कुणी म्हणेल, हा तर सगळ्याच जातींतल्या बायकांचा प्रश्न आहे, यात जात कुठे आली? जात अशी आली की स्वयंपाक कुणाचा कौतुकाचा आणि कुणाचा विटाळाचा, हे जात ठरवते.

सप्टेंबर 2017 मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक करणाऱ्या बाईंविरुद्ध पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली. आरोप काय, तर तिने जात लपवली. ती बाई दलितही नव्हती, मराठा होती. पुढे टीका झाली आणि तक्रार मागे घेतली गेली. पण तक्रार देताना त्यात काही चुकीचे आहे असे वाटले नाही, हेच महत्त्वाचे. त्या बाईच्या हाताची चव बिघडली नव्हती. फक्त हाताची जात कळली होती.

दुसरे उदाहरण शाळेतल्या पोषण आहाराचे. शंभर-शंभर मुलांचे जेवण रांधणाऱ्या बाईसाठी केंद्राने 2009 साली महिना 1000 रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातले 10 महिने. राज्याने पुढे त्यात भर घातली, पण त्याला ‘वेतन’ म्हणायचे नाही, ‘मानधन’च म्हणायचे. स्वयंपाक ही बाईची हौस आहे, सेवा आहे, असे एकदा ठरले की त्याची मजुरी देण्याची गरज उरत नाही. छंद हा शब्द असा खिशावर येतो.

आमच्या तालुक्यातल्या एका पाककला स्पर्धेच्या पत्रकात ‘फक्त शाकाहारी पदार्थ’ अशी अट होती. पहिले बक्षीस मासवडीला मिळाले. मासवडी ही जुन्नर-आंबेगावची शान आहे, त्याबद्दल वाद नाही. बेसनाच्या उकडीत तीळ, सुके खोबरे, लसूण, कोथिंबीर यांचे सारण भरून वडी वळायची आणि झणझणीत रश्श्याबरोबर खायची, हे कसब आमच्याही घरात आहे. पण गंमत पाहा, नावात मास चालते, ताटात चालत नाही. आमच्या आयांना वजडी साफ कशी करायची, सुकट किती भाजायचे, हुलग्याच्या शेंगोळ्यांना किती आच द्यायची, हे जे ज्ञान होते त्यातले शेंगोळे तेवढे स्पर्धेच्या टेबलावर गेले. वजडी आणि सुकट दाराबाहेर राहिले.

1970 साली आलेले कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ घराघरांत पोहोचले आणि त्याला मराठी स्वयंपाकाचे पुस्तक मानले गेले. महार-मांगांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ यायला 2015 साल उजाडावे लागले. मधल्या काळात आमच्या आया रांधत नव्हत्या का? रांधत होत्या, पण त्यांचे रांधणे पाककला नव्हते. त्याच्याही आधी तर रांधायलाच नव्हते. येसकराची पाळी असलेल्या घरातून टोपली घेऊन गावात फिरायचे आणि मिळतील त्या शिळ्या भाकरी आणायच्या, अशी रीत होती. ज्या वतनापायी ही रीत होती ते बदलावे म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतन कायद्याने गेले ते त्यांच्या परिनिर्वाणानंतर, 1958 च्या कायद्याने. ज्यांच्या आज्या मागून आणलेल्या भाकरीवर जगल्या, त्यांच्या नाती स्वतःच्या चुलीवर मनाजोगे शिजवतात, ही लहान गोष्ट नाही.

विणकामाचेही असेच आहे. मराठीत विणणे हा शब्द सुयांवरच्या स्वेटरलाही लागतो, मागावरच्या कापडालाही आणि बांबूच्या टोपलीलाही. क्रिया एकच, पण ती कुठे आणि कोण करतो त्यावर तिची किंमत ठरते. आमच्यापैकी एकीला शाळेत कार्यानुभवाच्या तासाला लोकर आणि सुया आणायला सांगितले होते. सुया विकत घेणे घरात जमण्यासारखे नव्हते. तिच्या वडिलांनी जुन्या सायकलच्या दोन तारा दगडावर घासून दिल्या. लोकर मिळाली ती भावाचा तोकडा झालेला स्वेटर उसवून. त्या वाकड्या धाग्यावर तिने उलट-सुलट टाके शिकले. वर्गातल्या दुसऱ्या मुली रंगीत लोकरीचे रुमाल विणत होत्या. बाईंनी तिच्या सुया हातात घेऊन वर्गाला दाखवल्या आणि वर्ग हसला. ती आज नोकरी करते, बाजारातल्या चांगल्या सुया आणून विणते. ती सांगते, “आता विणताना कोणी हसत नाही, म्हणून विणते.” हा खरा छंद. तो तिने कमावला आहे.

मेंढीच्या लोकरीपासून घोंगडी विणणारे सणगर आणि धनगर, सूत काढणाऱ्या त्यांच्या बायका, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली ती घोंगडी, हे सारे जातीचे काम ठरले. तीच लोकर शहरातल्या शिकवणीत गेली की कला ठरते. उर्मिला पवार यांच्या आत्मकथनाचे नावच ‘आयदान’ आहे. त्यांची आई बांबूची आयदाने विणून मुलांची पोटे भरत होती. कुणी तिला छंद विचारला नसेल.

आणि हे कायमचेच असे होते, असे कुणी सांगू लागला तर त्याला जुन्नरच्या लेण्यांत घेऊन जा. सातवाहन काळातल्या इथल्या शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे संघासाठीचे दान सोपवल्याची नोंद आहे. म्हणजे बांबू विणणाऱ्यांची पत त्या काळी आजच्या बँकेसारखी होती. आज बुरूड समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. बांबू तोच, वीण तीच. मधल्या काळात काय घडले, याचे नाव जात आहे.

मग काय करायचे? आपल्यातलेच काही जण म्हणतात, चूल आणि सुई दोन्ही गुलामीच्या खुणा आहेत, मुलींना त्यापासून लांबच ठेवा. हे आम्हाला पटत नाही. पोट सगळ्यांना आहे. मुलीने चूल सोडली तर तिच्या जागी दुसरी गरीब बाई येऊन बसते, पुरुष बसत नाही.

बाबासाहेबांना स्वयंपाकाची हौस होती. देवी दयाल यांनी 1944 च्या सप्टेंबरातली आठवण नोंदवली आहे. त्या दिवशी बाबासाहेबांनी तीन तास खपून स्वतः सात पदार्थ केले. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या नेत्या मीनाम्बाळ शिवराज जेवायला होत्या. सारे बाबासाहेबांच्या हातचे आहे हे ऐकून त्या चकित झाल्या. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या मंडळात मंत्री होते, त्यांना रांधायची सक्ती नव्हती. आवडले म्हणून रांधले. हा खरा छंद. पण इथे आपण प्रामाणिक राहू. वर्षातून एकदा मटण करणारा आणि त्यावर महिनाभर कौतुक करून घेणारा नवरा बाबासाहेबांचे नाव पुढे करील, तर ते चालणार नाही. शेण्या थापून संसार ओढणाऱ्या रमाईचे रोजचे कष्ट त्या हिशेबात धरावेच लागतील. रोजच्या भाकरीत वाटा उचलल्याशिवाय रविवारच्या मटणाला छंद म्हणण्याचा अधिकार पुरुषाला नाही.

जुन्नरच्याच आणखी एका शिलालेखात चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान केल्याची नोंद आहे. परदेशी वंशाचा माणूस, आणि दान काय, तर एकत्र बसून जेवायची जागा. ज्या संघात न्हावी उपाली होता, सफाई करणारा सुनीत होता, त्या संघासाठी. आपल्या विहारांत 14 एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला भोजनदान होते, पंगती एकत्र बसतात, ते याच परंपरेतले. पण मोठ्या पातेल्यापाशी कोण असते आणि माईकपाशी कोण असते, हे या वर्षी जरा पाहा.

आम्ही आमच्यापुरते दोन ठराव केले आहेत. पुढच्या मेळाव्याच्या अर्जातून छंदाचा रकाना काढायचा नाही, पण त्याच्याखाली सगळ्यांसाठी दुसरा रकाना छापायचा: ‘घरातले कोणते काम रोज करता?’ मुलांनीही तो भरायचा आणि मुलींच्या घरच्यांनी तो वाचून मगच पुढे बोलायचे. दुसरा ठराव, येत्या भीमजयंतीला विहारातला स्वयंपाक पुरुष कार्यकर्ते करतील आणि भाषणे बायका करतील. भात करपला तर करपला, खाऊ.

त्या एम.एस्सी. झालेल्या ताईला आम्ही नंतर पुन्हा विचारले, तुझा खरा छंद कोणता? तिने थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, “माहीत नाही. कधी वेळच मिळाला नाही.” रकाना तिच्यासाठी मोकळा ठेवला आहे. तो भरायला तिला वेळ मिळावा, एवढेच आपले काम आहे.

जयभीम!