पीटीचा तास गणिताला देऊ नका

लहान मुलाला मधुमेह झाल्याचे कळले की पहिला प्रश्न आईला विचारला जातो, "फार गोड खायला देत होता का हो?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या प्रश्नात निवाडा आधीच झालेला असतो, आणि तो चुकीचा असतो. आता शाळाही त्याच वाटेने निघाल्या आहेत. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. कोणत्या शीतपेयात किती साखर असते, दिवसाला किती पुरे, हे मुलांना येताजाता दिसावे हा हेतू. फलकाला माझा विरोध नाही. तो लागलाच पाहिजे. विरोध आहे तो फलक लावला की शाळेचे कर्तव्य संपले या समजुतीला. मुलांच्या मधुमेहाबद्दल शाळेला करता येण्याजोगे सर्वांत मोठे काम मैदानावर आहे, आणि तेच आपण गेली कित्येक वर्षे मोडीत काढत आलो आहोत.

आधी कारणांचा घोळ निस्तरू. मुलांमध्ये जास्त करून आढळतो तो टाइप १ मधुमेह. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. पेढे खाल्ल्याने हे होत नाही, खेळले नाही म्हणूनही होत नाही, आणि कितीही खेळले तरी टळत नाही. आईच्या हातून काही चुकले म्हणून तर मुळीच नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, त्याआधी या आजाराचे मूल फार दिवसांचे सोबती नसे. आज अशी दोन लाखांहून अधिक मुले-मुली एकट्या भारतात आहेत आणि प्रत्येकाला रोज इन्सुलिन लागते. मूल सारखे पाणी पिऊ लागले, तासातासाला लघवीला जाऊ लागले, मधेच थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले आणि खाऊनपिऊन वाळत चालले, तर ताप-जंताच्या औषधांत आठवडा घालवू नका. त्याच दिवशी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासा. हे निदान चुकल्याने मुले बेशुद्ध होऊन दवाखान्यात पोहोचतात, काही पोहोचतही नाहीत.

टाइप २ वेगळा. त्यात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. हा पूर्वी चाळिशीचा आजार होता, आता शाळकरी वयात दिसू लागला आहे. इथे खाणे, वजन, घराण्यातला मधुमेह आणि हालचालीचा अभाव या सगळ्यांचा हिशेब आहे. पोरवयातला टाइप २ हा मोठ्यांच्या मधुमेहाची सौम्य आवृत्ती असेल असे कुणाला वाटत असेल, तर अमेरिकेतला 'टुडे' हा अभ्यास पाहावा. दहा ते सतरा वर्षांच्या सुमारे सातशे मुलांपासून तो सुरू झाला. ही मुले सरासरी सव्वीस वर्षांची होईपर्यंत त्यांतल्या साठ टक्के जणांना डोळे, मूत्रपिंड किंवा नसा यांपैकी कशाचा तरी विकार जडला होता. सव्वीस म्हणजे आपल्याकडे नोकरी लागून स्थळे बघायला सुरुवात होण्याचे वय.

यावर हमखास उत्तर मिळते, "आमचा कुठे जाडा आहे? उलट अंगाला काही लागतच नाही त्याच्या." या उत्तराचे खंडन पुण्यातच झालेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपले बाळ स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान निघाले, चरबी मात्र त्या मानाने राखून होते. म्हणजे वजनकाट्यावर काटकुळे दिसणारे मूलही आतून या आजाराच्या वाटेवर असू शकते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभे राहिलेला स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. त्यात राहणीचाही वाटा असावा, हे सुचवताना त्यांनी नोंदवले आहे की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांची धाव रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटायच्या आत पोहोचण्यापुरती. मराठी घरातल्या बारीक मुलाला स्नायू कमवण्याची गरज जाड्या मुलाइतकीच आहे, कदाचित जास्त.

आता स्नायूंचे काम पाहू, कारण सगळ्या वादाची गुरुकिल्ली तिथे आहे. मूल धावते तेव्हा आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता आत ओढून घेतो. खेळ थांबल्यावरही पुढचा दिवस-दीड दिवस तो स्नायू इन्सुलिनला चांगली दाद देत राहतो, मग हळूहळू पुन्हा जैसे थे. म्हणून आठवड्यातून एकदा पीटीचा तास आणि वर्षातून एकदा क्रीडामहोत्सव याने काही साधत नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते, ती उगाच नाही. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुले तेवढी हालत नाहीत. भारतातही चारांतली तीन मुले त्यांतच मोडतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वयात येताना प्रत्येक मुलाचे शरीर काही काळ इन्सुलिनला कमी दाद देते. हे नैसर्गिक आहे, आणि निरोगी मूल त्यातून पार पडते. पण पोरवयातला टाइप २ डोके वर काढतो तो नेमका याच काळात. आणि आपण याच काळात काय करतो? सहावी-सातवीपर्यंत कसाबसा टिकलेला खेळाचा तास आठवीपासून गणित आणि विज्ञानाला देऊन टाकतो. वेळापत्रकात 'शा. शि.' लिहिलेले असते. प्रत्यक्षात बाई खडू घेऊन येतात, "पोर्शन राहिलाय" म्हणतात आणि वर्ग गुपचूप वह्या उघडतो. दहावीला जादा तास, संध्याकाळी क्लास, रात्री गृहपाठ. शरीराला ज्या तीन-चार वर्षांत खेळ सर्वांत जास्त हवा, त्याच वर्षांत आपण मुलांना बाकावर खिळवून ठेवतो. मुलींची गत तर आणखी वाईट. पाळी सुरू झाली की "आता उड्या मारणे पुरे" हे घरातूनही ऐकू येते आणि शाळेतूनही.

अभ्यास बुडतो, हा मोठा आक्षेप. कॅनडातल्या त्र्वा-रिव्हिएर इथे १९७० च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोज तासभर शारीरिक शिक्षण देऊन पाहिले आणि त्यासाठी इतर विषयांचा वेळ कापला. मुलांचे गुण घसरले नाहीत.

मैदान नाही, हा दुसरा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान सांगितलेले आहे. ते नसणे ही शाळेची उणीव आहे, मुलांना बसवून ठेवण्याची परवानगी नव्हे. शिवाय लंगडीला किती जागा लागते? मुंबईतल्या चाळवजा शाळेच्या गच्चीवर, तेही नसेल तर व्हरांड्यात, दोरीउड्या, सूर्यनमस्कार आणि लंगडी यांवर चाळीस मुलांना वीस मिनिटांत घाम फुटतो.

आणि घरच्यांनी बघावे, हा तिसरा. दुपारभर मूल शाळेच्या ताब्यात असते आणि घरी येते तेव्हा सोसायटीच्या आवारात गाड्या लावलेल्या असतात. पालकांची जबाबदारी मला मान्यच आहे. पण सगळ्या थरांतली सगळी मुले एका जागी सापडतात ती शाळेतच.

आता ज्या मुलाला टाइप १ आहे त्याच्याविषयी, कारण त्याच्यावर दुहेरी अन्याय होतो. पीटीच्या तासाला ते मूल पायऱ्यांवर बसलेले असते, मांडीवर इतरांच्या पाण्याच्या बाटल्या आणि घड्याळे. "काही झाले तर जबाबदार कोण?" हे पीटीच्या सरांचे म्हणणे, आणि त्यांची भीती खोटी नाही. खेळताना साखर उतरू शकते. पण त्यावरचा इलाज अवघ्या काही मिनिटांचा आहे. खेळण्याआधी बोट टोचून ग्लुकोमीटरवर आकडा पाहायचा. कमी असेल तर आधी काही खायला द्यायचे. मधेच हात थरथरले, घाम सुटला, मूल भांबावल्यासारखे वागू लागले आणि आकडा ७० च्या खाली असला, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून पाजायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. आकडा वर आला की मूल पुन्हा खो-खोच्या पाटीत बसू शकते. बेशुद्ध झाले तर तोंडात काही घालायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. साखर फार चढलेली असेल आणि लघवीत किटोन असतील, तर त्या दिवशी खेळायचे नाही. एवढे शिकायला सरांना एक दुपार पुरते. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्येच कळवले आहे की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, खाऊ द्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळूही द्यावे. परीक्षेला सोबत खाऊ नेण्याची मुभा तर सीबीएसईने २०१७ पासून दिलेली आहे. तरीही मूल पायरीवरच बसलेले असते, आणि त्याच्या आजारापेक्षा ते बसणे त्याला जास्त एकटे पाडते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. येत्या पालक सभेत गुणपत्रिका पाहून झाली की वर्गाचे वेळापत्रक मागा. गेल्या महिन्यात पीटीचे तास किती झाले, किती दुसऱ्या विषयाला गेले, आणि आठवी ते दहावीच्या मुली त्या तासाला कुठे होत्या, हे विचारा. वर्गात टाइप १ चे मूल असेल, तर ते मैदानात उतरते का हेही विचारा, मग ते तुमचे असो वा नसो. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.