बोटीचा रंग, ताटातली कालवं

उलव्याच्या खाडीसारख्या कोमट पाण्यात बोट उभी राहिली की तळाला शेवाळ आणि बार्नेकल चिकटतात. शर्यतीच्या शिडाच्या बोटीचा वेग घटतो. म्हणून तळाला विषारी रंग देतात. त्यातल्या टीबीटीने फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची कवचं वेडीवाकडी झाली, नवी पैदास खुंटली. फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींवर त्याला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार अमलात यायला २००८ उजाडले. २०२३ पासून त्याच कराराने सायब्युट्रीनही बाद केले. उरलेले तांबेही जलचरांना घातकच. बोट पाण्यातच ठेवायची असेल, तर हलक्या हाताने पुसता येणारा कठीण रंग बरा. जुना खरवडताना भुगा गोळा करावा. शर्यतीनंतर बोट किनाऱ्यावर काढता येत असेल, तर या रंगाची गरजच नाही.