‘नाही जमत बे’ म्हणणाऱ्यांचीही ट्रिप

सेमिस्टर संपत आलं की प्रत्येक वर्गात एक नवा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो. नाव ठरलेलं: ‘हैदराबाद कन्फर्म’. चारमिनार, गोवळकोंडा, बिर्याणी, इराणी चहा, रात्रीची ट्रॅव्हल्स, दोन मुक्काम. पहिल्या दिवशी मेसेजचा पाऊस पडतो. मग पैशांचा आकडा येतो आणि एकेक जण म्हणायला लागतो, ‘नाही जमत बे, तुम्ही जाऊन या.’ शेवटी सोळापैकी पाच जण जातात. उरलेले अकरा जण स्टेटसवर बिर्याणी बघतात.

आपण म्हणतो, त्यांना इंटरेस्टच नव्हता. खरंच? दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू असते. शनिवार-रविवार गावी जाऊन घरच्यांना हातभार लावणारे कितीतरी जण आपल्याच बेंचवर बसतात. कुणाला घरून येणारा पैसा मेसच्या बिलातच संपतो. मुलींचा प्रश्न तर आणखी सरळ आहे: मुक्काम म्हटला की घरून ‘नाही’. पुढचं कोणी ऐकूनही घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ट्रिप ठरवताना ‘कुठे जायचं’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘कोण गळणार आणि का’ हा पहिला असावा. ज्याचं बजेट सगळ्यात कमी आणि जिची घरी यायची वेळ सगळ्यात लवकरची, त्यांच्यापासून प्लॅन सुरू करा. जागा आपोआप सापडते. यवतमाळवाल्यांसाठी ती वणी-घुग्घुसच्या पलीकडेच आहे. चंद्रपूर!

‘चंद्रपुरात काय ठेवलंय? ताडोबाच ना?’ हे वाक्य येणारच. जिप्सी सफारी आपल्या खिशाला झेपणारी नाही, हे खरं. पण वाघ सोडून द्या, हे शहरच एक किल्ला आहे. गोंड राजांची ही राजधानी. राजा खांडक्या बल्लाळशहाने इथे शहर वसवलं असं सांगतात. झरपट नदीच्या पाण्याने त्याचा त्वचारोग बरा झाला, ही आख्यायिका तिथे कोणीही ऐकवेल. शहराभोवतीचा दगडी परकोट अजून उभा आहे. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर अशी चार दारं आहेत, शिवाय पाच खिडक्या. त्यांची नावंच बघा: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण! 2017 मध्ये ‘इको-प्रो’च्या तरुणांनी स्वतः झाडंझुडपं, कचरा काढून हा परकोट साफ करायला घेतला. ते आपल्याच वयाचे होते, हे विसरू नका.

आता एका दिवसाचा हिशेब. पहाटेची एसटी धरली तर दहाच्या आसपास तुम्ही चंद्रपुरात. जटपुरा गेटमधून आत शिरा आणि पायी निघा. राजवाड्याच्या जागी आज जिल्हा कारागृह आहे. आत सहज जाता येत नाही, पण बाहेर दोन मिनिटं थांबाच. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांशी लढलेल्या वीर बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 ला इथेच फाशी दिली गेली. इतिहासाच्या पुस्तकात झाशी, कानपूर वाचलं; हे नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

पुढे अंचलेश्वर मंदिर आणि त्याला लागून गोंड राजांच्या समाध्या. त्यातली बीरशहाची भव्य समाधी त्याची राणी हिराईने बांधली. राजाने राणीसाठी बांधलेला ताजमहाल आपण पाठ करतो. राणीने राजासाठी बांधलेली वास्तू चार तासांवर आहे आणि आपल्याला पत्ता नाही. तिथून महाकाली मंदिर, आणि वेळ असेल तर ऑटोने लालपेठ. एका अपुऱ्या राहिलेल्या मंदिरासाठी घडवलेल्या प्रचंड दगडी मूर्ती तिथे उघड्यावर पडून आहेत. दशमुखी मूर्तीला लोक रावणच म्हणतात.

खाण्याचं काय? बिर्याणी मिळेलही, पण ती कुठेही मिळते. सकाळी तर्री पोहे, दुपारी पाटवडी रस्सा किंवा सावजी, चारच्या सुमारास गरम सांबारवडी. रील बघून हॉटेल शोधू नका. ऑटोवाल्या काकांना विचारा, ‘तुम्ही कुठे खाता?’ आणि प्लेट वाटून खा. चार प्लेटमध्ये सहा जण आरामात होतात. एप्रिल-मेमध्ये मात्र जाऊ नका. चंद्रपूरचं ऊन 45 अंशांच्या वर जातं, परकोट बघायच्या आधी आपणच भाजून निघू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.

पैशांबद्दल दोन गोष्टी. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. घरी परवानगी मागताना हे सांगा, आणि साडेचारच्या आसपास परतीची गाडी धरणार, उतरल्यावर घरापर्यंत सोडायला कोण येणार, हेही सांगा. गाड्यांच्या वेळा आदल्या दिवशी डेपोत विचारून घ्या. ‘बघू’ म्हटलं की घरचे घाबरतात. वेळ सांगितली की निदान ऐकून तरी घेतात. दुसरं, कॉन्ट्रीचा आकडा ग्रुपवर फेकू नका. सगळ्यांसमोर ‘माझ्याकडे नाहीत’ असं लिहायला कोणालाच आवडत नाही. एकाने प्रत्येकाला वेगळं विचारावं, सगळ्यात कमी आलेला आकडा तीच मर्यादा ठेवावी आणि तो आकडा कोणाचा, हे स्वतःजवळच ठेवावं.

हैदराबाद वाईट आहे असं मी म्हणत नाही. नोकरी लागल्यावर जाऊच की. पण तेव्हा हे सोळा जण एका शहरात नसतील. कोणी पुण्यात, कोणी शेतात, कोणाचं लग्न झालेलं. सोळाच्या सोळा एकत्र असण्याची ही शेवटची एक-दोन वर्षं आहेत.

तेव्हा आज ग्रुपचं नाव बदला. आणि पहिला मेसेज त्याला करा, जो मागच्या वेळी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणाला होता.