सीमेपलीकडची बाटली

वापीहून दमण जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर आहे. तरीही वापीच्या बाजूस जी वस्तू बाळगल्याबद्दल तुरुंगवास घडू शकतो, तीच दमणमध्ये परवानाधारक दुकानात पावती घेऊन मिळते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या पेढ्या, कारखाने आणि व्याही त्या परिसरात आहेत, म्हणून हे उदाहरण आरंभीच घेतले. मद्याशी आपला संबंध नाही, तेव्हा मद्याच्या कायद्याशीही नाही, असे आपल्या घरांत सहसा गृहीत धरले जाते. कायदा मात्र केवळ पिणाऱ्याकडे पाहत नाही. वाहन कोणाचे, गोदाम कोणाचे, गाळा कोणी भाड्याने दिला, हेही तो विचारतो.

राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात मादक पेयांना बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. पण मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक व खरेदी-विक्री हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत घातले गेले. ध्येय साऱ्या देशाचे, कायदा मात्र ज्याचा त्याचा, अशी ही योजना आहे.

गंमत अशी की महाराष्ट्र व गुजरात यांचा मूळ कायदा एकच आहे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि एप्रिल १९५०पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. १९५१मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी वैध ठरवला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधनद्रव्ये यांच्या वापरावरील बंदी रद्द केली. औषधांच्या आणि अत्तरांच्या व्यापाऱ्यांनी त्या निकालाचे ऋण मानावे. पुढे १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली व दोघांनाही हाच कायदा वारसाहक्काने मिळाला. गुजरातने बंदी राखली; २०१७मध्ये शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली आणि डिसेंबर २०२३मध्ये गिफ्ट सिटीपुरती सवलत दिली. महाराष्ट्राने कायद्याच्या पाटीवर ‘दारूबंदी’ हा शब्द तसाच ठेवून आत परवान्यांची खिडकी उघडली. आपल्याकडे विदेशी मद्य पिण्याचा परवाना एका दिवसासाठी ५ रुपये, वर्षासाठी १०० आणि आजीवन १,००० रुपये! बँकेच्या लॉकरचे एका वर्षाचे भाडेही बहुधा याहून अधिक पडते. सौम्य मद्यासाठी वय २१, कडक मद्यासाठी २५. दिल्लीत मात्र सर्वच मद्यांसाठी २५. दमण आणि गोवा डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगिजांकडे होते, म्हणून १९४९चा कायदा तेथे पोहोचलाच नाही. वापी आणि दमण यांच्यातील भेदाचे मूळ हे असे इतिहासात आहे.

दुसरा भेद कराचा. मानवी सेवनासाठीचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर ठेवलेले असल्याने प्रत्येक राज्य आपले उत्पादनशुल्क व व्हॅट स्वतः ठरवते. महाराष्ट्राने जून २०२५मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क घोषित उत्पादनखर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पटींवर नेले. गोव्यात मद्य आधीच स्वस्त होते. आता तफावत अधिकच रुंदावली. जेथे दरात इतका फरक, तेथे चोरटी वाहतूक होणारच, हे व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

एकाच राज्यातही कायदा एकसारखा नाही. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्यामुळे, तर गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१मध्ये उठवली गेली. वैनगंगेच्या पुलाच्या एका अंगास दुकान उघडे, दुसऱ्या अंगास गुन्हा. गावपातळीवर तर निर्णय स्त्रियांच्या हाती आहे. आडव्या बाटलीला मत देऊन गावातील दुकान बंद करता येते. मात्र त्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर नोंदलेल्या एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. मजुरीला बाहेरगावी गेलेली बाई मतदानाला आली नाही, तर तिची अनुपस्थिती दुकानाच्या बाजूने मोजली जाते. ही अट मला अन्यायकारक वाटते.

आता वाहनाविषयी. शाखाधिकारी असताना एका कर्जदाराचा मालट्रक आम्ही सहा महिने कागदोपत्रीच पाहिला. चालकाने परतीच्या वाटेवर मालाखाली काही खोकी दडवली होती. मालक निर्व्यसनी, हिशेबाला चोख. पण ट्रक पोलीस ठाण्याच्या आवारात ऊन-पावसात उभा आणि हप्त्याची तारीख दर महिन्याला ठरल्याप्रमाणे येत राहिलेली. ट्रक जप्त झाला म्हणून व्याज थांबत नाही आणि विमाही या नुकसानीच्या कामी येत नाही. आपल्या अधिनियमात मद्य वाहून नेणारे वाहन सरकारजमा होऊ शकते. मात्र गुन्हा घडू नये म्हणून आपण योग्य ती दक्षता घेतली होती, असे मालकाने न्यायालयास पटवून दिल्यास वाहन वाचते. ही दक्षता नंतर तोंडी सांगून सिद्ध होत नाही. चालकाची स्वाक्षरी असलेली लेखी सूचना, माल भरताना-उतरवतानाची नोंद, मार्ग बदलल्यास विचारणा, एवढे कागद फाईलला असावेत. गुजरातमध्ये ठरावीक मर्यादेहून अधिक साठा सापडल्यास अंतिम निकालापर्यंत वाहन बंधपत्रावर सोडण्यास कायद्याचीच आडकाठी आहे. बिहारने २०१६च्या कायद्यात घरातील सर्व प्रौढांनाच जबाबदार धरले होते; ती तरतूद २०१८मध्ये गाळली गेली. पण तिकडे माल पाठवणाऱ्यांनी सावध असलेलेच बरे.

हीच गोष्ट गोव्यातील लग्नांची. बस यजमानाच्या नावावर ठरवलेली असते, सामान मात्र पन्नास जणांचे. बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर एखाद्या पाहुण्याच्या बॅगेतून बाटल्या निघाल्या, तर गोव्यातील दुकानाची पावती बचावास पुरत नाही; महाराष्ट्राचे शुल्क त्यावर भरलेले नसते. पाहुण्यांना आधी सांगणे संकोचाचे वाटते खरे. तरी निमंत्रणासोबतच्या सूचनांत एक ओळ घालण्यात यजमानाचा कमीपणा नाही.

राहिला गाळ्याचा प्रश्न. भाडेकरारात ‘कोणताही कायदेशीर व्यवसाय’ असे शब्द घालण्याची आपली जुनी सवय आहे. महाराष्ट्रात परवान्यासह केलेली मद्यविक्री हा कायदेशीर व्यवसायच आहे. उद्या भाडेकरूने बिअर शॉपीचा परवाना आणला, तर या शब्दांच्या आधारे त्याला रोखणे कठीण. मद्याचा स्पष्ट अपवाद करारातच लिहून घ्यावा. शिवाय शाळा व धर्मस्थळांपासून ७५ मीटरच्या अंतराचा जो नियम आहे, त्यात धर्मस्थळ म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या मालकीचे वा व्यवस्थापनाखालील स्थान. एखाद्या कुटुंबाच्या जागेत वर्षानुवर्षे चालत आलेल्या, पण न्यास म्हणून न नोंदलेल्या मंदिराला किंवा स्थानकाला या ७५ मीटरांचा आधार मिळेलच असे नाही. ज्या गावांत ही नोंदणी राहिली आहे, तेथील विश्वस्त मंडळींनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावयाचा असतो.