भिंतीवरची माणसे



आमच्या आईचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही मोठ्या भावाच्या लग्नाच्या वेळी. ती गेल्यावर मी तो हौसेने फ्रेम करून बाहेरच्या भिंतीवर लावला. काच थेट फोटोला टेकलेली आणि भिंत पावसाळ्यात ओल धरणारी. दोन पावसाळ्यांनी फोटो काचेला चिकटला. मी तो ओढून सोडवायला गेलो, तर आईचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. कारकुनीत चुकलेली नोंद दुरुस्त करता येते. ही चूक दुरुस्त झाली नाही.

आपल्या आजी-आजोबांना स्टुडिओचा खर्च कुठून परवडणार? म्हणून आपल्या घरांत जुने फोटो मोजकेच. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो आपण पाहिला असेल. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि लाडका कुत्रा टॉबीसुद्धा आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. त्या फोटोतले सगळे आज आपल्याला नावानिशी माहीत आहेत. आपल्या घरच्या फोटोतली माणसे मात्र नातवंडांना ‘कुणीतरी’ वाटतात.

म्हणून तीन गोष्टी पाळा : भिंतीवर प्रत, पेटीत मूळ फोटो, मागे नाव.

जुना फोटो स्टुडिओत स्कॅन करून त्याची प्रत काढा आणि प्रतच फ्रेम करा. मूळ फोटो कागदी पाकिटात घालून कोरड्या पेटीत ठेवा. त्याला डिंक किंवा सेलोटेप लावू नका, डाग पडतात. फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकट त्याचा फोटो काढून घ्या. फ्रेमवाल्याला सांगून काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट बोर्डाची चौकट घालून घ्या. कोण, कुठले गाव, कोणते साल हे चिठ्ठीवर लिहून ती फ्रेमच्या मागे लावा. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवरच नावे विचारून घ्या.

फ्रेम ओल्या किंवा उन्हाच्या भिंतीवर लावू नका. उन्हाने रंग उडतो. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते.

सजावटीला फार पैसे लागत नाहीत. आजीच्या जुन्या लुगड्याचा काठ माउंटवर लावून त्यात आजीचा फोटो बसवा. मुलांचे फोटो सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगा, दर महिन्याला बदला. फ्रेम अनेक असतील तर त्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून आधी भिंतीवर लावून पाहा, मगच खिळे ठोका.

एक विनंती. आपल्याकडे बहुधा माणूस गेल्यावरच त्याचा फोटो भिंतीवर चढतो. जित्या माणसांचेही लावा. शिवणाच्या मशीनवर बसलेली ताई, ड्युटीवरून आलेले वडील, निकालाच्या दिवशीची लेक यांचे फोटो मोबाइलमध्ये पडून असतात आणि मोबाइल बिघडला की जातात. त्यातला एक तरी या रविवारी छापून आणा.

आणि आई असेल, तर पहिला तिचा.

जयभीम.