कानशीचे तास मोजा!



दहावीच्या निकालादिवशी मास्तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुम्हा लोकांना आयटीआयच बरं." बाकावरच्या शेजाऱ्याला माझ्याहून कमी मार्क, त्याच्या हातात कॉलेजचा फॉर्म.

गेलो. दोन वर्षं फिटर. व्हाइसमध्ये लोखंड आवळून कानस मारली, तळहाताची सालं निघाली. ड्रॉइंग वाचलं, हिशेब केले. पण हे शिक्षण नव्हे म्हणे, हातकाम! बापजाद्यांनी चामडं कमावलं, त्यालाही या देशानं शून्य मार्कच दिले. पाठांतराला पदवी, हाताला पाटी-घमेलं.

वाट होती. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्याही. मला हे तिशी उलटल्यावर कळलं, कारखान्याच्या गेटवर, चहा पिताना.

आता २०२३ सालचा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा म्हणतो, वर्षाचे १२०० तास शिका, परीक्षा पास व्हा, ४० क्रेडिट घ्या. शाळेतल्या धंदेशिक्षणाचेही तास त्यात धरायचे. चांगलंय! पण आराखडा कागदावर. दाराशी कॉलेजचा क्लार्क बसलाय. अन् याच नावाखाली वस्तीतल्या पोरांना नववीपासून पान्याला जुंपून गणित-विज्ञान काढून घेतलं तर? म्हणून फॉर्म भरण्याआधी विचारा: कुठलं कॉलेज, कुठलं वर्ष, किती क्रेडिट धरणार? लेखी घ्या. लेखी नाही तर सही नाही.

वस्तीतल्या दहावीच्या पोरापोरींची यादी आम्ही करतोय. आयटीआय झालेल्यांनीही यावं, वय कितीही असो. मार्कशीट घेऊन या.