पिशवी काढण्याआधी पेशी समजून घ्या

थोडं लांब लिहितोय. पण ज्यांच्या घरात तिशीच्या पुढची आई, बायको, बहीण, भावजय आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. बायकांनी तर वाचावंच.

आपला जिल्हा डॉक्टर घडवणारा. 'लातूर पॅटर्न'चं नाव देशभर आहे. चाकूरवरून लातूरला जाणाऱ्या कुठल्याही गाडीत बसा, नीटची जाडजूड पुस्तकं मांडीवर घेतलेली पोरं-पोरी दिसतील. त्या पुस्तकात पेशीविभाजनाचा धडा असतोच. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था... पोरं झोपेतून उठवलं तरी सांगतील. दहावीच्या विज्ञानातही हा धडा आहे. पण तो मार्कांपुरता राहिला. ज्या माउलीनं गळ्यातलं मोडून क्लासची फी भरली, तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही. खरं तर त्याची जास्त गरज तिलाच आहे. का, ते सांगतो.

आपलं शरीर म्हणजे साधारण ३७ लाख कोटी पेशी. प्रत्येक पेशीला बाहेरून पातळ पटल, आत द्रव, आणि बहुतेक प्रकारच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका आणि केंद्रक. केंद्रक म्हणजे तलाठ्याचं दफ्तरच समजा. त्यात ४६ गुणसूत्रं, म्हणजे ४६ गठ्ठे. या गठ्ठ्यांतला डीएनएचा धागा सरळ केला तर जवळपास दोन मीटर भरेल. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत एवढा मजकूर बसलाय.

जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या आधी अख्ख्या दफ्तराची नक्कल होते आणि दोघींना एकेक पूर्ण प्रत मिळते. आता नक्कल म्हटली की चूक आलीच. सातबाऱ्यावर एक नाव चुकीचं चढलं की पुढच्या तीन पिढ्या कोर्टात जातात, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. गंमत बघा, महसुलातल्या फेरफाराला इंग्रजीत 'म्युटेशन' म्हणतात आणि पेशीच्या दफ्तरातल्या बदलालाही तोच शब्द आहे.

पण पेशीत चांगली सोय आहे. नक्कल तपासली जाते, चूक दुरुस्त होते. 'पी-५३' नावाचं एक प्रथिन मंडळ अधिकाऱ्यासारखं बसलेलं असतं. नोंद बिघडलेली दिसली की ते विभाजन थांबवतं. फारच बिघाड असेल तर त्या पेशीला मरायला लावतं. कॅन्सर म्हणजे दुसरं काही नाही. तपासणारा अधिकारी गायब आणि बोगस फेरफार बिनबोभाट मंजूर. पेशी वाढतच सुटते.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर इथंच सुरू होतो. त्यामागे बहुतेक वेळा एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो शारीरिक संबंधातून येतो, आणि आयुष्यात कधी ना कधी बहुतेक स्त्री-पुरुषांना होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि त्यावरून कुणाच्या चारित्र्याची चर्चा करायचं तर अजिबात कारण नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या मात्र तो ठाण मांडतो. त्याची 'ई-६' आणि 'ई-७' ही दोन प्रथिनं काय करतात? पहिलं पी-५३ चा निकाल लावतं, दुसरं विभाजनाचा ब्रेक तोडतं. तिथून पुढं कॅन्सर व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात.

हा आकडा पुन्हा वाचा. १० ते २० वर्षं. इतका वेळ देणारा कॅन्सर क्वचितच असतो. तरी देशात २०२२ मध्ये या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. वेळ असून बायका जातायत, कारण कुणी बघतच नाही.

आणि जिथं माहिती नसते तिथं भीतीचा धंदा चालतो. शेजारच्या बीड जिल्ह्याचं उदाहरण ताजं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आकडा आला. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. अनेक बायकांनी सांगितलं की अंगावरून पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेलो, तर 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका' असं सांगितलं. उसाच्या फडातून सुट्टी नाही, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, म्हणून बायकाही तयार झाल्या.

पिशवी काढणं कधी कधी गरजेचं असतंच, ते नाकारत नाही. पण अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होतं. पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, हे मात्र ताबडतोब दाखवायचं. एवढा फरक ज्या बाईला माहीत आहे, तिला कुणी सहज फसवू शकत नाही.

आता आपल्याच मातीतली गोष्ट. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच भाग होता. त्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण बायका. २००९ मध्ये निकाल छापून आला. ज्या ३४,१२६ जणींच्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली, त्यात या कॅन्सरनं ३४ मृत्यू. ज्या ३१,४८८ जणींच्या गटाला तपासणी दिली नव्हती, त्यात ६४. आयुष्यात एक तपासणी, आणि मृत्यू जवळपास निम्मे.

या निकालाचा दाखला जगभर दिला जातो. तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल नैतिकतेचे प्रश्नही विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवेत. कारण तुळजापूर-उमरग्याच्या पट्ट्यातल्या आपल्या आया-बहिणींच्या जिवावर जगाला हे ज्ञान मिळालं. मग ते ज्ञान फिरून त्यांच्याच गावात का येत नाही? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३० ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी जेमतेम दोघींची ही तपासणी कधीतरी झाली होती. दोघींची!

आणि तपासणी काही मंगळावरची नाही. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं तेच पातळ करून गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींचं केंद्रक मोठं, त्यात प्रथिन जास्त, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. बस्स. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्याच डॉक्टरांनी दहावी शिकलेल्या महिलांना हे काम शिकवलं, दर दोन वर्षांनी तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत हीच तपासणी एकदाच केली तेव्हा मृत्यूंत म्हणावा तसा फरक दिसला नव्हता. म्हणजे एका दिवसाचं शिबिर, फीत कापणं आणि ग्रुप फोटो यानं भागत नाही. ती पुन्हा पुन्हा व्हायला हवी. सरकारच्या नियमातही ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी आहे. नियम आहे. गावात दिसायला हवा.

म्हणून माझ्या चार मागण्या:

१. चाकूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासणीचा महिन्यातला एक दिवस ठरवा आणि बोर्डावर लावा. तपासणारी बाईच हवी, आडोसा हवा.

२. कुणाची तपासणी झाली, कुणाची राहिली, पांढरा डाग दिसलेली बाई पुढं लातूरच्या सरकारी दवाखान्यात पोचली का, याची नोंद ठेवा. आकडा ग्रामसभेत वाचा, नाव नको.

३. एचपीव्हीची लस मुलींना ९ ते १४ या वयात द्यायची असते. पुण्याच्या सीरमनं ती देशातच तयार केली आहे, आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तिला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली होती. 'लसीनं पोरीला मूल होत नाही' असले मेसेज फिरवू नका. लसीत विषाणूचं फक्त बाहेरचं कवच असतं, आत डीएनए नसतोच. पेशीच्या दफ्तरात ती काही लिहूच शकत नाही. मात्र लस घेतली तरी पुढं तिशीनंतर तपासणी करायचीच.

४. शिक्षकांनो, दहावीला पेशीविभाजन शिकवाल तेव्हा शेवटची दहा मिनिटं या विषयाला द्या. पोरं घरी जाऊन आईला सांगतील. आशाताईंच्या दहा फेऱ्यांइतकं काम होईल.

पुरुष मंडळींनाही एक सांगायचंय. बायका तपासणीला जात नाहीत त्याचं कारण बऱ्याचदा आपण असतो. 'तुला काय झालंय, कशाला दवाखाना' असं आपणच म्हणतो. सोयाबीनवर ठिपका दिसला की त्याच संध्याकाळी कृषी केंद्रात धावतो. घरातल्या बाईसाठी पाच वर्षांतून एक सकाळ काढायला काय हरकत आहे?

पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन एवढंच विचारा, "गर्भाशयमुखाची तपासणी कोणत्या दिवशी असते?" जे उत्तर मिळेल ते गावाच्या नावासह खाली कमेंटमध्ये लिहा. तालुक्याची यादी करू आणि ती घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं जाऊ.